दुसरा भपका

१

जावई मेल्याने अप्पांचा काय फायदा होणार होता, याचा हिशेब सबस्टेशनच्या कॅन्टीनमध्ये तीन दिवस चालला होता. जमेच्या बाजूला लोक मांडत होते: हे लग्न नको हा दोन वर्षांचा हट्ट खरा झाला, नकोसा माणूस वाटेतून गेला, एकुलती एक मुलगी आज ना उद्या बापाच्याच दारात येणार. खर्चाच्या बाजूला होती निवृत्तीला सात महिने उरलेली नोकरी, आणि बहुधा तुरुंग. कोणी म्हणे, एवढ्यासाठी माणूस माणसाला मारत नाही. त्यावर दुसरा म्हणे, मारायचं कुठे होतं? एक स्विच फिरवायला विसरलं की झालं.

अप्पा कंट्रोल रूमचे ऑपरेटर. जावई लाइनमन. तारेवर सरसर धावायचा म्हणून सगळे त्याला खारू म्हणत. मंगळवारी लख्ख उन्हात लाइन एकच्या बाविसाव्या टॉवरवर तो तार टांगणारी चिनी मातीची एक तडकलेली तबकडी बदलत होता. लाइन चालू ठेवूनच. शिकलेले लाइनमन लांब दांड्यांनी अशी कामं करतात, त्यात नवल नाही.

पण चढण्याआधी एक गोष्ट व्हावीच लागते. तारेवर कुठे बिघाड झाला की कंट्रोल रूममधला रिले तो डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखतो आणि आवारातला ब्रेकर उघडून लाइन तोडतो. एका सेकंदाने दुसरा रिले ती आपणहून परत जोडतो. याला म्हणतात रिक्लोज. बहुतेक वेळा बिघाड म्हणजे एखादा पक्षी नाहीतर वीज, त्यामुळे सेकंदभरात सगळं निवळतं आणि गावात दिवा लुकलुकला एवढंच कळतं. मात्र टॉवरवर माणूस असेल तर त्या सेकंदानंतर परत आलेली लाइन त्याला संपवते. म्हणून ऑपरेटर आधी रिक्लोजचा स्विच बंद करतो, वहीत लिहितो आणि टॉवरवाल्यांना फोन करून म्हणतो, चढा.

वहीत नोंद होती: ‘९.४०, लाइन एक, रिक्लोज बंद.’ अक्षर अप्पांचं. सबस्टेशनचे साहेब धावत आले तेव्हा स्विचही बंदच दिसला. तरी खारू गेला होता, आणि टॉवरवरचा त्याचा जोडीदार शपथेवर सांगत होता की जाळाचे भपके दोन झाले.

दोन भपके म्हणजे लाइन परत आली. लाइन परत आली म्हणजे स्विच चालू होता. स्विच चालू होता म्हणजे अप्पांनी तो नंतर फिरवला आणि वहीत खोटं लिहिलं. “दुसरीतल्या पोरालाही सुटेल असं गणित आहे,” साहेब म्हणाले, आणि चौकशीला रिले तपासणाऱ्या टेस्टिंगच्या बाईंना बोलावून घेतलं.

बाई आल्या त्या दिवशी धुकं इतकं होतं की फाटकातून आवारातल्या लोखंडी कमानी दिसत नव्हत्या, त्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या कंट्रोल रूमचं दार ढकलतात तोच फोन वाजला. अप्पांनी त्या फोनकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

“घेत का नाही?” बाईंनी विचारलं.

“तो लाइन एकवरचा आहे,” अप्पा म्हणाले. “ती तार तीन दिवस मेलेली आहे.”

२

बाईंनी फोन उचलला. कॅरियर फोन तारेवरूनच बोलतो, तारेत वीज असो वा नसो, हे त्यांना शाळेतल्या पाढ्यांसारखं ठाऊक होतं. तरी कानाशी आधी आवाज आला तो माणसाचा नव्हता. ओल्या कापडातून कोणी हळूहळू श्वास घ्यावा तसा आवाज होता.

“कोण बोलतंय?” पलीकडून कोणी विचारलं. पलीकडच्या टोकाच्या सबस्टेशनचा ऑपरेटर होता. “अप्पा नाहीत का? तुम्ही कोण?”

बाईंनी ओळख सांगितली आणि विचारलं, “मंगळवारी तुमच्याकडे काय झालं?”

“रिक्लोज आम्ही पण बंद केला होता. आमचा ब्रेकर एकदा उघडला, आणि उघडाच राहिला. काउंटर एकने पुढे गेलाय, हवं तर फोटो पाठवतो.” मग तो म्हणाला, “बाई, एक विचारू? हा आवाज तुम्हालाही येतोय ना?”

“शेजारून लाइन दोन चालू आहे, तिची थोडी वीज ओल्या हवेत या तारेत उतरते. चुरचुरणारच.”

“तेच मी बायकोला सांगितलं,” तो म्हणाला. “पण मंगळवारच्या आधी दहा पावसाळे मी या फोनवर काढलेत. असं कधी चुरचुरलं नव्हतं.”

बाईंनी फोन ठेवला आणि तळहात साडीला पुसला. अप्पा खुर्चीत तसेच बसले होते, भिंतीकडच्या पॅनेलसमोर. पॅनेल म्हणजे एक लांबच लांब लोखंडी कपाट. डावीकडे लाइन एकचे रिले, उजवीकडे लाइन दोनचे. या पॅनेलसमोर बाई पूर्वी एकदा उभ्या राहून गेल्या होत्या, त्याला आता आठ महिने होत आले होते.

त्या टॉर्च घेऊन आवारात गेल्या. लाइन एकच्या ब्रेकरला पोटाशी एक छोटी काच आहे, तिच्यामागे काउंटर. ब्रेकर उघडला की आकडा एकने वाढतो. बिघाड दाखवणारी रिलेवरची झेंडी परत वर करता येते, स्विच फिरवता येतो, वहीत काहीही लिहिता येतं. हा आकडा मात्र कोणालाच मागे नेता येत नाही. मंगळवारी सकाळी आठला नोंद झाली होती १८६३ची.

बाईंनी काचेवरचं दव पुसलं. १८६५.

ब्रेकर दोनदा उघडला होता. जोडीदार खरं बोलत होता, आणि लाइन परत आली होती ती याच टोकाकडून.

“झालं ना मग?” धुक्यातून आवाज आला. बाई दचकल्या. चार हातांवर एक तरुणी उभी होती, हातात रिकामी पिशवी, कपाळ मोकळं. “माझ्या वडिलांनीच केलं ना?”

३

ती खारूची बायको, अप्पांची मुलगी. नवऱ्याचे बूट, हेल्मेट, डबा न्यायला आली होती. बाईंनी तिला ‘थांब’ म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. ती मागोमाग चालू लागली.

खारूचा जोडीदार लांब्या स्टोअरच्या पायरीवर बसला होता. सहा फूट दोन इंच माणूस, पण तीन दिवसांत कुठेतरी दुमडल्यासारखा झाला होता.

“कॅन्टीनमध्ये म्हणतात एकच भपका झाला, तुला घाबरून दोन दिसले,” बाई म्हणाल्या.

“कॅन्टीनवाले कुठे होते? खुर्चीत. मी कुठे होतो? त्याच्या खाली चार फुटांवर.” मग मुलीकडे बघून तो गप्प झाला.

“सांगा, भावोजी,” मुलगी म्हणाली. “मी ऐकणार आहे.”

“वहिनी, त्याच्या हातातून लोखंडी पिन निसटली. तबकड्यांवरून घरंगळली आणि भपका झाला. तो मागे फेकला गेला, पट्ट्यावर लोंबकळला. काही झालं नव्हतं त्याला! डोळे मिटून घेतले होते, ते उघडले. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘वाचलो.’ आणि सावरायला तारेला हात घातला.”

“चालू तारेला?” मुलीने विचारलं.

“चालू कुठे होती? तुटली होती ना लाइन. आणि रिक्लोज बंद आहे हे त्याला ठाऊक होतं.” लांब्याने नाक पुसलं. “दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्याने हात नसता घातला, वहिनी. आमच्यात तोच सगळ्यांत भित्रा. पण फोनवर तुमचे वडील होते.”

बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहून ओठांतल्या ओठांत ‘वाचलो’ म्हणून पाहिलं. अर्धा सेकंद. हात पुढे करायला उरलेला अर्धा.

“या एका सेकंदाला आमच्या पुस्तकात डेड टाइम म्हणतात,” बाई मुलीला म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांना वाटलं, जीभ चावावी.

“तेवढा वेळ तर तो जिवंत होता,” मुलगी म्हणाली.

४

कंट्रोल रूममध्ये अप्पांनी बाईंना सगळं सांगितलं, ते उभ्या उभ्या आणि पॅनेलकडे बघत. मुलीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ती दाराशी उभी होती.

“स्विच मी नऊ चाळीसला फिरवला. दिवा लागला. वहीत लिहिलं. मग फोन केला.”

“दिवा स्विचवरच लागतो, अप्पा. मागचा रिले हलला नाही तरी लागेल. रिले हलल्याची टिचकी आली का?”

अप्पांनी पहिल्यांदाच मान वळवली. “आली.”

“नक्की?”

“आली, पण...” ते खाकरले. “हसाल तुम्ही. चाळीस वर्षं मी या टिचक्या ऐकतोय. लाइन एकचा स्विच फिरवला की ती समोरून येते, छातीसमोरून. गेले काही महिने ती उजव्या कानाकडून येते. तिथे कोणीतरी उभं राहून बोटं वाजवतंय असं वाटतं. मी दोनदा पाठीमागे जाऊन बघून आलो. कोणी नसतं.”

“कोणाला सांगितलंत?”

“काय सांगू? सात महिन्यांनी घरी जायचंय. कान गेला म्हणून आजच पाठवतील.”

“आणि भुताचं काय?” लांब्या मागून म्हणाला. तो कधी आत आला कोणालाच कळलं नव्हतं. “अप्पा, लाइन दोनचं भूत सांगा की बाईंना.”

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. लाइन दोनवर पहाटेच्या धुक्यात एक बगळा चिकटला. रिलेने लाइन तोडली, ते बरोबर. पण सेकंदाने ती परत यायला हवी होती, स्विच चालू होता, तरी आली नाही. अकरा मिनिटं अर्धं गाव अंधारात. फाटकावर साहेबांनी लावलेला ‘अखंड वीज, दिवस इतके’ असा फलक शून्यावर आला. तेव्हापासून कॅन्टीनमध्ये म्हणत, लाइन दोनला कोणीतरी धरून ठेवलं होतं.

बाईंनी वहीची मागची पानं उलटली. त्या पहाटेची नोंद सापडली. तिच्या वर, त्याच तारखेला, आदल्या पाळीतल्या अप्पांच्या अक्षरात आणखी एक ओळ: ‘लाइन एकवर पहाटेपासून काम. रिक्लोज बंद.’

बाईंचं बोट त्या ओळीवरून उठेना.

“बाई,” दारातून साहेबांचा आवाज आला, “जरा माझ्या खोलीत येता? एक फाइल दाखवायची आहे.”

५

साहेबांची खोली उबदार होती, काचा धुक्याने पांढऱ्या. त्यांनी फाइल पुढे सरकवली, अगदी पाहुण्याला ताट वाढावं तशी.

“अप्पांनी चार महिन्यांपूर्वी पत्र लिहिलं होतं, लाइन दोन परत आली नाही, रिले तपासा म्हणून. खाली उत्तर आहे. वाचा.”

उत्तर एका ओळीचं होतं. ‘रिले चारच महिन्यांपूर्वी तपासलेला असून निर्दोष आहे, पुन्हा तपासणीची गरज नाही.’ सोबत जुन्या तपासणीचा कागद जोडलेला. दोन्हीखाली सही एकच.

सही बाईंचीच होती.

महिन्याला अशा चाळीस कागदांवर सही करणाऱ्या माणसाला एक कागद आठवत नाही, हे खरं. पण तो दिवस त्यांना आता लख्ख आठवला. पाहुणे येणार म्हणून पॅनेलला नवा रंग दिला होता, मागचं वायरिंग नवं घातलं होतं. बाईंनी रीतीप्रमाणे एकेक रिले खणातून काढून, टेस्टच्या पेटीला जोडून तपासला. सगळे चोख होते. उरली होती शेवटची तपासणी: समोरचा स्विच फिरवून लाइन खरोखर तोडायची आणि ती परत येते की नाही ते बघायचं. त्यासाठी एक मिनिट लाइन बंद लागते. तेव्हा साहेब म्हणाले होते, “फलकावर तीनशे दिवस होतायत, बाई. तुमच्या एका मिनिटासाठी शून्य करू?” आणि बाईंनी त्या रकान्यातही ‘तपासले’ असं लिहून टाकलं होतं.

“मी तुम्हालाच का बोलावलं, कळलं?” साहेबांचा आवाज मऊ होता. “बाहेरचा कोणी आला असता तर त्याने सगळीकडे हात घातला असता. एक म्हातारा स्विच विसरला. माणसाकडून होतं. तुम्ही घरी जा, मीही घरी जातो.”

बाईंनी फाइल बंद केली. “साहेब, फक्त दहा मिनिटं द्या. लाइन एक तशीही बंदच आहे, फलकाला काही होणार नाही.”

६

पॅनेलच्या मागे जेमतेम एक माणूस मावेल अशी बोळ होती. तारांचे जुडगे, थंड लोखंड, आणि पायाखालून येणारी घरघर. बाईंनी अप्पांच्या मुलीला तिथे नेलं.

“मीच का?” तिने विचारलं.

“कारण इथे बाकीचे सगळे काहीतरी वाचवायला बघतायत, मी धरून. या दोन काचांकडे बघ. एक डावीकडे, एक उजवीकडे. आत पत्र्याची छोटी जीभ आहे. जी उडेल ती मला सांग.”

बाई पुढे आल्या. साहेब हाताची घडी घालून उभे होते, लांब्या दाराला टेकून. “अप्पा, लाइन एकचा स्विच चालू करा. हं. आता त्या दिवशी केलात तसा बंद करा.”

अप्पांनी स्विच फिरवला. दिवा लागला. टिचकी वाजली, आणि अप्पांनी झटकन उजवीकडे पाहिलं.

“कुठली उडाली?” बाईंनी मोठ्याने विचारलं.

“डावीकडची,” मागून मुलीचा आवाज आला.

लांब्याने हवेत हात करून डावं-उजवं मोजून पाहिलं.

“पुढून बघितलं तर लाइन एक डावीकडे,” बाई म्हणाल्या. “मागे गेलात की तीच उजवीकडे येते. मागच्या पाट्या रंगाखाली बुडाल्या होत्या. वायरिंगवाल्याने मागे उभं राहून, पुढून मोजतात तसं मोजलं: डावीकडची पहिली. एकच्या स्विचची तार त्याने दोनच्या रिलेला दिली, दोनची एकला. दोन्ही स्विच चालू असेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. पण एकचा स्विच बंद केलात की रोखली जाते लाइन दोन. बगळ्याच्या दिवशी लाइन एकवर काम होतं, म्हणून दोन परत आली नाही. भूत नव्हतं तिथे. आणि मंगळवारी अप्पांनी एकचा स्विच बंद केला, तेव्हाही रोखली गेली दोनच. एक मोकळीच राहिली. तिने एका सेकंदाने आपलं काम केलं.”

“हे रिले तपासताना कळत नाही?” लांब्याने विचारलं.

“रिले तपासून कळत नाही. स्विचपासून ब्रेकरपर्यंत तपासलं तर एका मिनिटात कळतं. ते मिनिट साहेबांनी दिलं नाही.” बाईंनी श्वास घेतला. “आणि ते न मिळताही मी मिळाल्याची सही केली. अप्पांचं पत्र आलं तेव्हा ती सही खरी धरून मी दुसरी केली. त्या वेळी आले असते, तर आजचा प्रयोग तेव्हाच झाला असता.”

“बाई, विचार करून बोला,” साहेब म्हणाले.

“लिहूनच देणार आहे.”

मुलगी बोळातून बाहेर आली. बाह्यांना धूळ लागली होती. ती बापासमोर जाऊन उभी राहिली. दोन वर्षांत एवढ्या जवळ ती उभी राहिली नव्हती.

“दोन वर्षं तुम्ही त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीत, बाबा.”

“नाही बोललो.”

“मग मंगळवारी फोनवर काय म्हणालात?”

अप्पांचे ओठ हलले. त्यांनी नजर परत पॅनेलकडे नेली.

“चढा, म्हणालो. तो म्हणाला, ‘बाबा, तुम्ही आहात ना, मग झालं.’ मी फोन ठेवला.”

७

आता कोणी किती भरलं ते बघू.

वायरिंगवाल्यांनी काही भरलं नाही. ते कधीच दुसऱ्या कामावर गेले होते, कोणाला त्यांचं नावही सांगता आलं नाही. साहेबांची बढती थांबली. त्यांना अशा कचेरीत बसवलं जिथे तारा नाहीत, नुसते नकाशे आहेत, आणि तिथल्यांना ते सांगतात की आपल्यावर अन्याय झाला. टेस्टिंगच्या बाईंनी अहवालाच्या पहिल्याच पानावर स्वतःचं नाव लिहिलं, त्यामुळे त्यांचा तपासणीचा परवाना गेला. आता त्या गोदामात मीटर मोजतात आणि मोजलेलं पुन्हा मोजतात. त्यांच्याबरोबरीच्या माणसांनी त्या महिन्यात गुपचूप एकेक जुना कागद काढून पाहिला, आणि सहा सबस्टेशनांनी एक-एक मिनिट लाइन बंद ठेवली. त्यातल्या एकात स्विच उलटे निघाले.

लांब्या अजून चढतो. आधी तारेवर जमिनीला जोडलेली साखळी टाकतो, मग हात.

अप्पा निर्दोष सुटले. ऐकायला बरं वाटतं. कागदावर त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. पण जो माणूस आयुष्यात एकदाच त्यांना बाबा म्हणाला, त्याला उत्तर द्यायचं राहिलं, आणि ते आता कोणाला द्यायचं ते त्यांना कळत नाही. उरलेली सात महिन्यांची नोकरी त्यांनी चारच दिवसांत सोडली.

मुलगी त्या आठवड्यात बापाच्या क्वार्टरवर आली. पिशवी कोपऱ्यात ठेवली, खिडकी उघडली, बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून भात लावला. कॅन्टीनने आपला हिशेब खरा ठरला म्हणून मान डोलावली. पण तिचा आकडा सगळ्यांत मोठा आहे, म्हणून शेवटी लिहिलाय. नवरा तर गेलाच. उरलेला जन्म ज्याच्यावर रागवून काढता आला असता, तो बापही गुन्हेगार निघाला नाही.